सतरा किलोमीटरवरचं झुडूप

क्लेम प्राउझ हा माणूस एकतीस वर्षं ताशी आठ किलोमीटरनं चालला आणि त्याला कुठेही पोचायला कधी उशीर झाला नाही, कारण त्याला कुठे पोचायचंच नव्हतं. आमच्या वॉजेरिन कौन्सिलचा ग्रेडर, म्हणजे रस्ता खरवडून सपाट करणारं यंत्र, तो चालवायचा. नऊशे किलोमीटर मुरुमाचे रस्ते, ग्रेडर एक आणि क्लेम एक. एका टोकाला पातं खाली टाकायचं, रस्ता खरवडत दुसऱ्या टोकाला जायचं, आणि तोवर पहिल्या टोकाला पुन्हा खड्डे. मी कौन्सिलच्या ऑफिसात काउंटरमागे बसते. कॉरल माझं नाव. क्लेमच्या रजेच्या अर्जापासून त्याच्या बुटांच्या मापापर्यंत सगळं माझ्या हाताखालून गेलंय, तेव्हा मी सांगते ते खरं माना. बाकीचे जे सांगतात त्यातलं निम्मं पबमध्ये तयार झालेलं असतं.

आता आठच्या वेगानं जाणारा माणूस दिवसभर बघणार काय? डावीकडे गहू, उजवीकडे गहू, आणि रस्त्याच्या कडेला दहा-बारा पावलांची रानाची पट्टी उरलीय ती. क्लेम ती पट्टी बघत बसला. पहिल्या पाच वर्षांत त्याला कळलं की तिथे झुडपं आहेत. पुढच्या पाच वर्षांत कळलं की त्यातली बरीचशी वॅटल आहेत, म्हणजे बाभळीच्या कुळातली. आणि त्यापुढची एकवीस वर्षं त्यानं आमचं डोकं खाल्लं.

आमचं शास्त्र साधं होतं हो. पिवळी फुलं आली की वॅटल, नाही आली की झुडूप. ऑगस्टमध्ये सगळा मुलूख पिवळा होतो, एक सप्टेंबरला, वॅटलच्या दिवशी, आम्ही सगळे कॉलरला वॅटलची एकेक डहाळी खोवतो, हॉलमध्ये जमून चहा पितो, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक खातो आणि घरी जातो. क्लेम मात्र त्या दिवशी गळ्यातल्या बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग काढायचा आणि लोकांच्या कॉलरी तपासत फिरायचा. एका वर्षी तर त्यानं कौन्सिलच्या अध्यक्षाचीच कॉलर धरली.

"हलू नकोस," क्लेम म्हणाला. "ही इथली नाही. पूर्वेकडची आहे. कुणाच्या तरी बागेतून निसटलेली, आता वाटेल तिथे वाढते."

"अरे क्लेम, मीसुद्धा पूर्वेकडचाच आहे."

"हो, ते दिसतंच आहे," क्लेम म्हणाला आणि पुढच्या कॉलरकडे वळला.

त्याच्या बायकोनं, ग्वेननं, या सगळ्याला एकच अट घातली होती. वॅटल घरात आणायची नाही. घरात वॅटल आली की घरातलं कुणीतरी जातं, असं तिची आई मानायची, आईची आई मानायची आणि ग्वेनही मानते. त्यामुळे क्लेमचं सगळं संशोधन व्हरांड्यात, एका मोडक्या इस्त्रीच्या टेबलावर. जुनी वर्तमानपत्रं, त्यात डहाळ्या, वर-खाली प्लायवूड आणि भोवती दोन जुने पट्टे आवळलेले. एकदा वारा सुटला आणि क्लेमचं बारा वर्षांचं ज्ञान शेजारच्या मेंढ्यांनी खाल्लं. त्यावर ग्वेन म्हणाली, "एवढं वाचलेल्या मेंढ्या तालुक्यात दुसऱ्या नसतील."

शुक्रवारी तो हजेरीचा कागद द्यायला यायचा आणि खिशातून एक डहाळी काढून माझ्या काउंटरवर ठेवायचा. ऑफिस म्हणजे घर नव्हे, म्हणून तिथे चालायचं.

"कॉरल, फुलाकडे बघू नकोस. फुलं सगळ्यांची सारखीच, फसवतात."

"हे मला लग्नाआधी सांगायला काय झालं होतं?"

"पान बघ. खरं म्हणजे हे पानच नाही. हा देठ आहे, चपटा झालेला."

"मग पान कुठे गेलं?"

"लहानपणी असतं. पिसासारखं, बारीक बारीक. मोठी झाली की टाकून देते."

"माझ्या नवऱ्याच्या केसांचं तसंच झालं."

तो हसायचा नाही. भिंग माझ्या हातात कोंबून म्हणायचा, "या कडेला बघ. बुडाशी बारीकसा फोड दिसतो? एकच ना? ही साधी काडी-वॅटल. गावभर आहे. आता ही दुसरी बघ. फोड किती?"

"दोन," मी म्हणायचे. खरंच दोन असायचे.

ती दुसरी डहाळी नेहमी एकाच झुडपाची. जुन्या विहिरीच्या रस्त्यावर, सतरा किलोमीटरवर, वळणाच्या अगदी कडेला, खांद्याइतकं उंच. तसं दुसरं झुडूप नऊशे किलोमीटरमध्ये नाही, असं क्लेमचं म्हणणं. तिथे आला की तो पातं उचलायचा, पुढची चाकं तिरकी करायचा आणि झुडपाला वळसा घालून पलीकडे पातं पुन्हा खाली टाकायचा. एवढ्या वर्षांत त्या रस्त्याला तिथे चांगलं पोट सुटलं. आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, ही रीत. बोट न उचलणारा माणूस एकतर शहरातला किंवा भांडलेला. क्लेम नऊशे किलोमीटर बोट उचलायचा, पण त्या वळणावर कध्धी नाही. दोन-तीन घरं त्याच्यावर कायमची रागावली ती त्यामुळेच. पण तिथे त्याचे दोन्ही हात कामात असायचे, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

शहरातल्या वनस्पती संग्रहालयाला त्यानं तीनदा डहाळ्या पाठवल्या. तिथल्या बाईंचं उत्तर फार सभ्य. ही काडी-वॅटलच दिसते. नुसत्या फुलांवरून फरक करता येत नाही. पिकलेल्या शेंगा पाठवा. मग एका डिसेंबरात त्यानं शेंगा पाठवल्या. उत्तर आलं, शेंगा वेगळ्या आहेत खऱ्या, पण तुमची फुलं आणि या शेंगा एकाच झुडपाच्या कशावरून?

"मी सांगतोय ना!" क्लेम माझ्या काउंटरवर त्या कागदावर ओरडला.

"तिला ऐकू जाणार नाही, लेका. पर्थला आहे ती."

खरी गोची शेंगांची होती. त्या पिकतात डिसेंबरात, ऐन गव्हाच्या सुगीत. तेव्हा आमच्याकडे मेलेला माणूससुद्धा पुरायला सोमवारपर्यंत थांबतो. क्लेम तर पहाटेपासून धान्याच्या ट्रकांनी उखणलेले रस्ते नीट करायचा आणि वर अग्निशामक गाडीवर. सवड काढून सतरावर जावं, तर एका कडक दुपारी शेंगा फुटून बिया खाली सांडलेल्या. वर्षामागून वर्षं हेच. म्हणून आमचे सगळे लोक वॅटलला फुलांवरून ओळखतात. शेंगेपर्यंत थांबायला वेळ असतो कुणाला?

पुढच्या जानेवारीत निवृत्ती, म्हणून शेवटच्या वर्षी क्लेमनं सगळं रीतसर करायचं ठरवलं. ऑगस्टमध्ये सतरावरच्या झुडपाची फुलं घेतली, कागदात दाबली, त्यावर आकडा घातला. कोकच्या डब्याचा पत्रा कापून खिळ्यानं त्यावर तोच आकडा कोरला. हा बिल्ला झुडपाला बांधायचा आणि डिसेंबरात त्याच झुडपाच्या शेंगा काढायच्या. बांधायला फीत मागायला तो माझ्याकडे आला.

आता हे सांगताना माझी जीभ जड होते, पण सांगते. आमच्याकडे झुडपांना बांधायच्या खुणेच्या दोन फिती. केशरी म्हणजे हात लावायचा नाही. गुलाबी म्हणजे काढून टाकायचं. हा नियम क्लेमनंच घातलेला. त्या दिवशी केशरी संपली होती. मी टेबलाचा खण उघडला, त्यात कृषी प्रदर्शनातल्या केकच्या बक्षिसांची साटीनची रिबीन उरलेली होती. गुलाबी, चकचकीत.

"ही घे आत्ता," मी म्हटलं. "केशरी आली की बदल."

"केकला पहिला नंबर होता का?" त्यानं विचारलं.

"दुसरा. परीक्षकाला चव नव्हती."

केशरी फीत ऑक्टोबरात आली. मी ती खणात ठेवली. तिथेच राहिली. मी विसरले. बस्स, एवढंच आहे, आणि एवढं मी जन्मभर विसरणार नाही.

नोव्हेंबरात क्लेमला शहरातून फोन आला. गुडघा बदलायला तो दोन वर्षं रांगेत होता, कुणाचं तरी ऑपरेशन रद्द झालं, परवा या म्हणाले. शेजारच्या कौन्सिलमधून बदली चालक बोलावली. लिनेट तिचं नाव. पन्नाशीची, बोलणं कमी, काम चोख, सांगितलेलं अक्षरन् अक्षर पाळणारी. क्लेमनं तिच्यासाठी रात्रीत अकरा पानं लिहून काढली. कुठल्या खड्ड्यात पाणी साचतं, कुठला कुत्रा चाकामागे लागतो, कुणाच्या फाटकासमोर धूळ उडवली तर फोन येतो. सुगीचे ट्रक सुरू होण्याआधी वळणांवरची झुडपं साफ करायचं कलम पान सहावर होतं. गुलाबी फीत दिसली की झुडूप काढ. केशरी दिसली की पातं उचल. सतराव्या किलोमीटरबद्दल अकरा पानांत एक ओळ नव्हती. तिथे पातं उचलायचं हे कुणाला सांगावं लागतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याचे हातच ते करायचे ना!

डिसेंबरच्या दोन तारखेला ग्वेन त्याला शहरातून घेऊन आली. मागच्या सीटवर पाय लांब करून बसला होता. घरी जायच्या आधी जुन्या विहिरीच्या रस्त्यानं चल, म्हणाला. ग्वेन कुरकुरली, चाळीस किलोमीटरचा वळसा होता, पण गेली. तिनंच मला नंतर सांगितलं. वळण सरळ झालं होतं. रस्त्याचं पोट गेलं होतं, कड साफ, सपाट, सुंदर. क्लेमनं फक्त एवढंच म्हटलं, "काम चांगलं करते ती." 

ग्वेन काउंटरवर आली ती रडून डोळे लाल झालेली. "वीस वर्षं मी त्या वॅटलला सवत म्हणत आले गं," ती म्हणाली. "आणि आज मलाच रडू येतंय."

मी खण उघडला. केशरी फितीचं रीळ, प्लॅस्टिकही न फाडलेलं. मी ते घेऊन सरळ त्यांच्या घरी गेले, व्हरांड्यात त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "क्लेम, ही माझी चूक आहे. मला शिव्या घाल."

त्यानं रीळ माझ्याकडे परत सरकवलं. "नियम माझा," तो म्हणाला. "पानं माझी. गाठ माझी. तुझी फक्त रिबीन. दुसऱ्या नंबरची." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता कोण मानणार कॉरल, की तशी वॅटल कधी होती म्हणून?"

मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "काढलेली झुडपं टाकली कुठे?"

लिनेटला फोन केला. ती म्हणाली, "जुन्या मुरुमाच्या खाणीत. जाळायची होती, पण वणव्याच्या भीतीनं जाळायला एप्रिलपर्यंत बंदी. पान आठवर लिहिलंय." मग म्हणाली, "का? माझं काही चुकलं?"

"नाही बाई," मी म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही, तोच तर घोळ झालाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं खाणीवर. डिसेंबर म्हणजे आमचा उन्हाळा, पारा चाळीसच्या पुढे, माश्या नाकातोंडात. ढीग दुमजली घराएवढा. क्लेमला आम्ही घडीच्या खुर्चीवर छत्रीखाली बसवलं, कुबड्या बाजूला, आणि तो तिथून हुकूम सोडायला लागला.

"ती नको, ती निलगिरी आहे. लिनेट, डावीकडे. डावीकडे म्हणजे तुझ्या डावीकडे. कॉरल, तुला एकवीस वर्षं शिकवतोय, ही वॅटल दिसते का तुला?"

"फूल नाही रे तिला!"

"फुलाकडे बघू नकोस म्हटलं ना!"

ग्वेन खाणीच्या काठावर सॉसेज रोल घेऊन उभी होती आणि आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत होती की डॉक्टरनं याला विश्रांती सांगितलीय. ढिगात जिथे हात घालावा तिथे गुलाबी फीत. चोवीस फिती काढल्या, सगळ्या प्लॅस्टिकच्या. लिनेट फांद्या खेचत होती, हात कोपरापर्यंत खरचटलेले. अकराच्या सुमाराला तिनं एक वाळकी फांदी ओढली आणि त्यावर काहीतरी चकाकलं. साटीन. खाली पत्र्याचा बिल्ला, त्यावर खिळ्यानं कोरलेला आकडा.

आणि शेंगा. वाळून तपकिरी झालेल्या, पिळलेल्या, बऱ्याच फुटलेल्या. पण नऊ मिटलेल्या होत्या, मी मोजल्या.

क्लेमनं एक शेंग नखानं उकलली, भिंग डोळ्याला लावलं. ग्वेन सॉसेज रोल ठेवून जवळ आली. काडी-वॅटलच्या बीला खाली एक छोटी सरळ दांडी असते. या बीभोवती लाल कडं होतं, अख्खं, टोकाला टोक भिडलेलं. त्यानं ते भिंग पहिल्यांदा मला दिलं नाही, ग्वेनलाही नाही. लिनेटला दिलं.

लिनेटनं बघितलं.  "झुडूप एकच होतं का?" तिनं विचारलं.

"एकच," क्लेम म्हणाला.

ती भिंग परत देऊन गाडीत जाऊन बसली. आम्ही तिला थोडा वेळ तसंच बसू दिलं.

फुलं, शेंगा, बिल्ला आणि रिबीनसुद्धा, सगळं एका खोक्यात घालून मी स्वतः पोस्टात दिलं. मार्चमध्ये उत्तर आलं. तुमचं म्हणणं बरोबर होतं, बाईंनी लिहिलं होतं. आमच्याकडे असं दुसरं नाही, याला अजून नाव नाही. आम्ही इतकी वर्षं ऐकलं नाही याबद्दल माफ करा. सोबत एक फॉर्म होता. जागा, माती, उंची, सगळं क्लेमनं भरलं. शेवटचा रकाना होता, एकूण झाडं किती. तो त्यानं रिकामा ठेवला. फॉर्म व्हरांड्यातल्या टेबलावर दगडाखाली पडून राहिला, एप्रिल गेला, मे गेला. मी एकदा म्हटलं, पाठव ना. तो म्हणाला, "शून्य लिहायला हात धजत नाही गं." पबमध्येही त्याला कुणी चिडवेनासं झालं, आणि आमच्याकडे यापेक्षा वाईट लक्षण नाही.

क्लेमच्या जागी कौन्सिलनं लिनेटलाच कायम केलं होतं. जूनमध्ये, दोन-तीन आठवडे बरा पाऊस झाल्यावर, ती काउंटरवर आली आणि टोपी हातात घेऊन उभी राहिली.

"कॉरल, सतरावर काहीतरी उगवलंय. पिसासारखं, बारीक बारीक. गुरुवारी तिकडे तणनाशक मारायचंय. क्लेमच्या अकरा पानांत पिसांसारखं तण कुठेच नाही. काय करू?"

मी पर्ससुद्धा न घेता उठले.

क्लेमचा नवा गुडघा चालायला झकास, पण टेकायला अजून तयार नव्हता. त्यामुळे हा पासष्ट वर्षांचा माणूस मुरुमावर पालथा झोपला, भिंग लावून, आणि आम्ही दोघी त्याच्या डोक्यावर उभ्या. जिथे झुडूप होतं तिथून लिनेटच्या पात्यानं खरवडलेल्या पट्ट्याच्या टोकापर्यंत, बोटभर उंचीची रोपं. बहुतेकांना पिसांसारखी पानं. एका जरा मोठ्या रोपाचा वरचा देठ चपटा व्हायला लागला होता, टोकाला पिसाचा तुरा अजून तसाच.

"फोड किती?" मला राहवेना.

 मातीतच गाल टेकून तो म्हणाला, "दोन."

उठवायला आम्हाला बरीच खटपट करावी लागली. उठल्यावर कपड्यांवरचा मुरूम झटकायचंही त्याला भान नव्हतं. त्या बियांचं कवच फार टणक, त्यानं आम्हाला सांगितलं. कशानं तरी ओरखडा पडल्याशिवाय पाणी आत जात नाही, वर्षानुवर्षं मातीत तशाच झोपून राहतात. हे त्याला ठाऊक होतं, सगळं ठाऊक होतं. तो लिनेटकडे वळला.

"इतकी वर्षं मी इथे पातं उचललं," तो म्हणाला. "तिला सांभाळतोय असं वाटायचं. मी त्यांना झोपवून ठेवलं होतं. तू एकदाच पातं टाकलंस."

लिनेट डोळे पुसत म्हणाली, "पान सहावर तसं लिहिलं होतं."

मोजणीवरून दोघांचं भांडण झालं. लिनेटची त्रेसष्ट आली, क्लेमची बासष्ट. त्रेसष्टावं रोप काडी-वॅटलचं आहे म्हणाला, एवढ्याशा कोंबावरून! संध्याकाळी त्यानं रकान्यात बासष्ट लिहिलं, आकडा जरा जास्तच मोठा काढला, आणि ग्वेननं त्या दिवशी फॉर्म सही करायला स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणू दिला. कागदच आहे, म्हणाली, डहाळी नाही.

पुढच्या आठवड्यात मी केशरी फितीचं ते रीळ घेऊन सतरावर गेले. क्लेम वळणावर घडीच्या खुर्चीत बसला होता. अंगात झगझगीत जॅकेट, मांडीवर थर्मास.

"बांध," मी म्हटलं. "या वेळी रंग बरोबर आहे."

"फिती नकोत," तो म्हणाला. "कुणी काही बांधायचं नाही. मी बसलोय ना."

"जन्मभर?"

"रोज नऊ ते चार. रविवारी ग्वेन चर्चला नेते."

तेवढ्यात लांबून धूळ दिसली. लिनेटचा ग्रेडर येत होता, आठच्या वेगानं, त्यामुळे आमचा एक कप चहा आरामात पिऊन झाला. क्लेम खुर्चीत ताठ झाला. एकतीस वर्षांत त्यानं तो वळसा ग्रेडरच्या आतून बघितला होता, बाहेरून कधीच नाही. ग्रेडर जवळ आला, पातं वर उचललं गेलं, पुढची चाकं तिरकी झाली, रोपांना मोठा वळसा पडला. क्लेमनं खुर्चीच्या हातावरून एक बोट उचललं.

लिनेटनं आमच्याकडे बघितलंही नाही. समोर डोळे लावून तशीच पुढे गेली.

"बघ," मी म्हटलं, "बोटसुद्धा उचललं नाही."

"बरोबर आहे," क्लेम म्हणाला.  "इथे दोन्ही हात लागतात."